कुंडीतलं झाड (भाग ६) : सिमेंटचा चुना उतरवताना

गेल्या आठवड्यात दोन टबांचा साचा जुळवला; आता त्यात माल भरायचा. एक भाग सिमेंट, अडीच भाग चाळलेली वाळू, आणि पाणी इतकंच, की मुठीत दाबल्यावर गोळा राहावा. पातळ माल साच्यात झटकन उतरतो, पण जास्तीचं पाणी उडालं की भिंत पोकळ राहते. मध्ये चिकन जाळी घाला, तळाला तेल लावलेले पाइपचे दोन तुकडे उभे करा, भोकं तयार. 30 बाय 20 सेंटिमीटरची, 8 सेंटिमीटर उंचीची कुंडी दोन सेंटिमीटर भिंतीतही साडेपाच किलोंच्या आसपास भरते. त्यामुळे ‘मजबूत हवी’ म्हणून भिंत जाड करू नका. बोन्साय उचलून फिरवावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. बीडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. उघड्यावरची कुंडी दुपारपर्यंत पांढरी पडते आणि आतलं काम अर्धवट थांबतं. नखाने खरवडलं तर पीठ निघतं. म्हणून हे काम श्रावणात काढावं, नाहीतर दिवाळीनंतर. टँकरच्या दिवसांत करायचंच असेल, तर ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधा. सिमेंट ओलं ठेवायची ही तराई थोड्या पाण्यात होते.

घट्ट होताना सिमेंट चुना मोकळा करतं. आपली काळी माती आधीच चुनखडीची, बोअरचं पाणी जड. त्यात या चुन्याची भर पडली की मुळांना लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग मंडळी खत वाढवतात! बिचाऱ्या झाडाला ती दुसरी शिक्षा.

इथे राख मदतीला येते. परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळताना धुराबरोबर उडणारी बारीक राख धरली जाते. पीपीसी सिमेंटमध्ये अशी राख 15 ते 35 टक्के असते आणि ती बराचसा मोकळा चुना बांधून टाकते. म्हणून कुंडीला पीपीसीच घ्या. त्याची ताकद सावकाश येते, तेव्हा तराई सातऐवजी चौदा दिवस करा. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातली राख मात्र घरी मालात मिसळू नका. ती भरड असते, तिच्यात हा गुण कमी.

तराईनंतर कुंडी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. वर पांढरी साय धरते, तो उतरलेला चुनाच. शेवटच्या रात्रीचं पाणी एका वाटीत, साधं पाणी दुसऱ्या वाटीत घ्या आणि दोन्हींत चिमूटभर हळद टाका. कुंडीचं पाणी जास्त लालसर झालं, तर अजून आठवडाभर बुडवा. रंग सारखाच राहिला, तर वड, पिंपळ, उंबर यांपैकी काहीही बिनधास्त लावा.

मात्र शेतातली काळी माती या कुंडीत भरू नका. का, ते पुढच्या भागात.