भाकर आजची की उद्याची?

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस ‘रोजची भाकर’ मागतो. मागणे साधेच, पण मूळ ग्रीकमध्ये भाकरीमागे लागलेले विशेषण आहे ‘एपिऊसिओस’, आणि त्याने भल्याभल्यांना चकवले आहे. मत्तय 6:11 आणि लूक 11:3, दोन्हीकडे ही प्रार्थनाच. नव्या करारात इतरत्र हा शब्द नाही. तिसऱ्या शतकातला ओरिगेन ग्रीकमध्येच लिहिणारा पंडित. तो म्हणतो, हा शब्द विद्वान वापरत नाहीत आणि सामान्य लोकही. शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो.

‘रोजची’ म्हणावे, तर लूकच्या त्याच वाक्यात ‘दररोज’साठी नेहमीचा ग्रीक शब्दप्रयोग वेगळा आलेलाच आहे. एकच गोष्ट तो दोनदा का सांगेल?

व्युत्पत्ती दोन वाटा दाखवते. ‘ऊसिया’ म्हणजे अस्तित्व. त्यावरून अर्थ होतो जगण्यापुरती भाकर. पण स्वरापुढे ‘एपि’तला ‘इ’ सहसा गळतो, इथे तो टिकून आहे. दुसरी वाट ‘येणे’ या क्रियापदाची. प्रेषितांची कृत्ये 16:11 मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणताना ‘एपिऊसा’ हेच रूप येते. मग ही भाकर उद्याची ठरते. जेरोमने चौथ्या शतकात लॅटिन शुभवर्तमाने तपासताना लूकमध्ये ‘रोजची’ ठेवली, मत्तयमध्ये मात्र ‘भौतिकापलीकडची’ केली. ख्रिस्तप्रसादाशी जुळणाऱ्या अर्थाला त्यातून बळ मिळाले.

बायबलबाहेरचा पुरावा एकदा सापडल्यासारखा वाटला होता. इजिप्तमधल्या हवारा इथल्या एका पपायरसवर, खर्चाच्या यादीत, हा शब्द असल्याचे वाचन 1889 मध्ये छापले गेले. शिधा, रोजचा वाटा असे अर्थ त्यावरून मांडले गेले. पुढे तो पपायरसच दिसेनासा झाला. 1998 मध्ये तो येल विद्यापीठाच्या संग्रहात मिळाला आणि नव्याने वाचला, तेव्हा तिथे ‘एलाइऊ’, म्हणजे तेल, निघाले!

आता शब्दकोशापेक्षा संदर्भच कामाचा. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानात भाकरीच्या जागी मिळणारा मान्ना त्या दिवसापुरताच वेचायचा असतो. उरवला की किडे पडतात. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचायची मुभा, म्हणजे उद्याचीही सोय. ‘जगण्यापुरती’ घ्या वा ‘उद्याची’, या प्रार्थनेत कोठार भरण्याची मागणी कुठेच नाही.