मंगळावरची पायपीट : ‘यात विवर कुठे आहे?’

सहकारनगरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे, अस्सल पुणेरी. ‘आपण दर आठवड्याला विवर, विवर म्हणता. सोबतच्या फोटोत सपाट माळ आहे, दगडगोटे आहेत आणि लांबवर बुटक्या टेकड्यांची रांग आहे. यात विवर कुठे आहे, ते कृपया बाणाने दाखवावे.’

बाण काढायचा तर फोटोभर काढावा लागेल. तो माळ म्हणजे विवराचा तळ आणि त्या बुटक्या टेकड्या म्हणजे विवराचा पलीकडचा काठ. पर्सिव्हिअरन्स रोव्हरने खडकांचे नमुने भरून ठेवलेल्या नळ्यांविषयी आज लिहायचं कबूल केलं होतं. पण या पत्राला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. नळ्या थांबतील. तशाही त्या मंगळावर ताटकळतच पडल्या आहेत.

विवरांच्या मापाची शिकवणी घ्यायची तर ती ऑपॉर्च्युनिटीकडे. २००४च्या जानेवारीत हा रोव्हर उतरला तोच एका खळग्यात. ईगल विवर, व्यास २२ मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा जेमतेम दोन मीटर जास्त. तिथल्या फोटोंत काठ असा समोरच दिसतो की विवर कुठे म्हणून कोणी विचारणार नाही. मग एन्ड्युरन्स, १३० मीटर. २००६च्या सप्टेंबरात व्हिक्टोरिया, साडेसातशे मीटर. आणि २०११च्या ऑगस्टमध्ये एन्डेव्हर, २२ किलोमीटर. नुसते आकडे वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, म्हणून पुण्याचा नकाशा काढा आणि पट्टी घ्या. मोजायचं सरळ रेषेत; रिक्षाच्या मीटरचं अंतर इथे चालणार नाही.

पट्टीचं एक टोक शनिवारवाड्यावर ठेवलं, तर व्हिक्टोरियाचा दुसरा काठ मंडईपाशी येतो. ऑपॉर्च्युनिटी तिथे पोचला त्या दिवसांत मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या हायराइज कॅमेऱ्याने वरून फोटो घेतला होता. माझा हा सगळ्यांत लाडका फोटो. दातेरी काठाचं भलंमोठं विवर, आणि काठावर एक ठिपका. नीट पाहिलं तर ठिपक्याला सावली आहे आणि मागे चाकांची बारीक रेघ आहे. दीड मीटर उंचीचं ते यंत्र काठाकाठाने हिंडत, मध्येच आलेलं धुळीचं वादळ सोसत, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात कुठे आत उतरलं.

लोणारला जाऊन आलेल्यांना व्हिक्टोरिया पटकन उमजते. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, म्हणजे आपली पट्टी सारसबागेच्या थोडी अलीकडे थांबेल. व्हिक्टोरियाच्या दुपटीहून मोठं, आणि तेही बेसाल्टमध्ये झालेलं. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचाच असल्यामुळे तिकडचे अभ्यासक बुलढाणा जिल्ह्याकडे एवढ्या कौतुकाने पाहतात. काठापासून तळ्यापर्यंत सुमारे दीडशे मीटर उतार आहे. काठावर उभं राहिलं की अख्खं विवर एका नजरेत मावतं. उतरून कमळजादेवीच्या देवळापाशी गेलं की मान वर करून चारी बाजूंचा काठ बघावा लागतो. विवर ‘दिसतं’ म्हणतात ते या मापापर्यंतच. त्यापुढे गाडी बिघडते.

कारण आता एन्डेव्हर. शनिवारवाड्यापासून सिंहगड सरळ रेषेत २० किलोमीटर आहे. एन्डेव्हरचा पलीकडचा काठ त्याच्याही दोन किलोमीटर पुढे! पर्वतीवर जाऊन नैर्ऋत्येला पाहा आणि हात लांब करून अंगठा आडवा धरा. गड जवळजवळ सगळा अंगठ्याआड जातो. तानाजी मालुसऱ्यांचा सिंहगड अंगठ्याआड जात असेल, तर काहीशे मीटर उंचीचा काठ २२ किलोमीटरवरून बुटकी टेकडी दिसणारच. आपल्याला सिंहगडाची उंची ठाऊक आहे, वर टीव्हीचा टॉवर आहे, मध्ये इमारती आहेत, म्हणून आपण मनातल्या मनात त्याला मोठा करून घेतो. मंगळाच्या फोटोत झाड नाही, घर नाही, माणूस नाही. दगड मुठीएवढा की खोलीएवढा, हेही चाकाची खूण शेजारी असल्याशिवाय कळत नाही. पर्सिव्हिअरन्सचं चाक साधारण अर्धा मीटर व्यासाचं आहे. फोटोत आधी ते किंवा त्याची चाकोरी शोधायची सवय लावून घ्या.

पर्वतीचा विषय निघालाच आहे तर धुक्याचंही सांगतो. टॉवर स्पष्ट दिसतो की धुरकट, यावरून हवा किती स्वच्छ आहे ते पर्वतीवर रोज फिरायला येणारे ओळखतात. क्युरिऑसिटी रोव्हर हेच काम गेल विवरात करतो. उत्तरेकडच्या काठाचे पुन्हा पुन्हा फोटो घ्यायचे आणि काठ किती फिका दिसतो त्यावरून हवेत धूळ किती ते काढायचं. तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाइतकी विरळ, पण धूळ मुबलक. हे गेल विवर मात्र नकाशावर मावत नाही. व्यास १५४ किलोमीटर. एक काठ पुण्यात धरला तर दुसरा नाशिकच्या थोडा अलीकडे.

आणि एक गोष्ट कधीची सांगायची राहिली आहे. मंगळावर ‘पूना’ आहे, आणि ते विवरच आहे! साधारण २४ अंश उत्तर, ५२ अंश पश्चिम. १९७६ साली वायकिंग-१ जिथे उतरलं तिथून काहीशे किलोमीटरवर. नाव त्याच वर्षी पडलं, म्हणून जुन्या इंग्रजी वळणाचं. मंगळावरच्या लहान विवरांना जगातल्या लहान गावांची नावं द्यायची असा संकेत आहे. त्यात लाखांच्या वस्तीचं पुणे बसवणाऱ्यांनी पुणेकरांना विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, ते सांगायला नको. गंमत म्हणजे त्याचा व्यास २० किलोमीटर आहे. बरोब्बर शनिवारवाडा ते सिंहगड. तिथे रोव्हर अजून कुठलाच गेलेला नाही.

आता पत्रातला फोटो. तो पर्सिव्हिअरन्सच्या जेझेरो विवराचा, व्यास ४५ किलोमीटर: शनिवारवाडा ते लोहगड. इथे आणखी एक भानगड होते. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून जरासाच जास्त, त्यामुळे क्षितिज जवळ येतं. रोव्हरचा कॅमेरा दोन मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवरून सपाट जमिनीवर पृथ्वीवर पाच किलोमीटरपर्यंत दिसतं, मंगळावर पावणेचारच्या आतच. एका काठाच्या पायथ्याशी उभं राहून समोरच्या काठाकडे पाहिलं, तर हिशेबाने त्याचा खालचा अडीचशे मीटरचा भाग क्षितिजाखाली बुडालेला असतो. उरलेलं धुळीत फिकं झालेलं. बुटक्या टेकड्या म्हणून फेटाळलेली ती रांग खरी केवढी, हे पर्सिव्हिअरन्सला पश्चिमेकडचा काठ चढताना कळलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये चढाई सुरू झाली, माथा आला डिसेंबरात. चढण जवळपास ५०० मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढतो तेवढीच म्हणा. वाटेत वरच्या ठिसूळ पापुद्र्याखाली भुसभुशीत धूळ आणि वाळू लागली, चाकं घसरायला लागली. काही दिवस ठरवलेल्या अंतराच्या निम्मंच चालणं झालं, एकदा तर जेमतेम पाचवा हिस्सा. उलटं चालवून पाहिलं, नागमोडी वळणं घेऊन पाहिली. शेवटी वाटेच्या उत्तरेकडच्या कडेने गेल्यावर चाकांना पकड मिळाली.

काठापलीकडचे खडक आणि राहिलेल्या नळ्या पुढच्या वेळी. मध्येच असंच एखादं पत्र आलं नाही तर.