आठच्या आत घरात

लॉस एंजेलिस, १९४२चा उन्हाळा. हा दिवस कुणा एका नटाचा नाही. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेले आणि हॉलीवुडमध्ये लहान-लहान भूमिकांवर घर चालवणारे कितीतरी जण असाच दिवस काढत होते.

सकाळी ६. आता कुठे दाराबाहेर पडता येतं. मार्चअखेरीस लष्कराचा हुकूम निघाला: शत्रुदेशाच्या नागरिकांना रात्री ८ ते सकाळी ६ संचारबंदी. दिवसासुद्धा कामाची जागा सोडली, तर घरापासून पाच मैलांपलीकडे जायचं नाही. ज्याला ज्यू म्हणून जर्मनीने हाकललं, तो इथे जर्मन म्हणून संशयित ठरला. जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांनी संसदीय समितीपुढे जाऊन हा अन्याय मांडला होता. तरी हुकूम निघालाच. जपानी वंशाच्या लोकांची गत याहून वाईट. अमेरिकेत जन्मलेल्यांनाही छावण्यांत डांबलं.

साडेसात. बरबँक, वॉर्नर स्टुडिओ. मेकअप आणि नाझी गणवेश. इंग्रजीत जर्मन हेल आहे, म्हणूनच हे काम मिळतं.

नऊ. 'कॅसाब्लांका' चित्रपटाचा सेट. श्रेयनामावलीतल्या चौदा कलाकारांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे: हम्फ्री बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. दिग्दर्शक मायकेल कर्टीझ मूळचा हंगेरियन. फ्रेंच दिग्दर्शक रेन्वारच्या 'रूल्स ऑफ द गेम'मध्ये मोठी भूमिका गाजवलेला मार्सेल दालियो इथे जुगाराच्या टेबलावर चाक फिरवतो. बर्लिनमध्ये स्वतःची अभिनयशाळा चालवलेल्या इल्का ग्रूनिंगच्या वाट्याला निर्वासित म्हातारीचा एक प्रवेश. एवढ्याशा प्रवेशातही बाई कशी काठोकाठ भरून उभी राहते, ते मुद्दाम पाहावं.

मग तो प्रसंग. कॉनराड फाइट, ज्याने १९३३मध्येच जर्मनी सोडली होती, नाझी मेजर होऊन जर्मन गाणं म्हणतो. समोरून फ्रेंच राष्ट्रगीत उसळतं. सेटवर हजर असलेल्या नट डॅन सीमूरने पुढे सांगितलं, की आजूबाजूला पाहिलं तर निम्मी माणसं रडत होती. ते अश्रू दिग्दर्शकाने मागितलेले नव्हते. या चित्रपटाचं मोठेपण मला बोगार्टपेक्षा या गर्दीत अधिक दिसतं.

दुपार. कर्टीझला जेवणाची सुट्टी मुळात आवडत नाही. घाईने दोन घास.

सहा. पॅकअप. पगार झाला, की त्यातला थोडा वाटा युरोपियन फिल्म फंडाला जातो. ज्यांना काम नाही त्यांची चूल त्यावर पेटते.

आठ. घरात. मला सगळ्यात जास्त लागतं ते इथे. चित्रपट दिवसा होतो; नाटकाची मात्र हीच वेळ. आयुष्यभर या सुमाराला रंग लावून, तिसऱ्या घंटेकडे कान लावून विंगेत उभा राहिलेला माणूस आता दार लावून बसतो. संचारबंदी नसती, तरी या हेलाला इंग्रजी रंगभूमीवर जागा थोडीच होती. कॅमेऱ्यासमोर जे विकलं जातं, तेच तिथे आड येतं. नट फ्रिट्झ कोर्टनरचंच पाहा. १९२०मध्ये बर्लिनला दिग्दर्शक येस्नरने बसवलेल्या नाटकात तो शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड होता. हॉलीवुडने त्याला दुय्यम भूमिका दिल्या. १९४७मध्ये तो जर्मनीला परतला आणि म्युनिकमध्ये पुन्हा नाटकं बसवू लागला.