पाइप घातला म्हणजे झालं?

वीर, महाड, पोलादपूर पट्ट्यात घर बांधताना बरेच जण धरून चालतात, की वायर कंड्युइटात (वायरिंगच्या पाइपात) गेली की शॉकची भीती संपली. असा समज होणं साहजिक आहे, पण शॉक रोखतात वायरवरचं आवरण, अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). पाइपाचं काम वायरीला खिळा, उंदीर, घासण यांपासून जपणं आणि पुढे ती बदलता येणं, एवढंच.

लेंग्याचा नेफा आठवा. तो घट्ट शिवला तर नाडी ओवताना जीव जातो. पाइपही तसाच: आतली साधारण चाळीस टक्केच जागा वायरींनी भरावी. अर्थात, उरलेल्या जागेत ‘अजून दोन वायरी’ बसतातच, आणि मग त्या तापतात.

आयएस ७३२ या भारतीय मानकानुसार उघड्या पाइपाला सॅडल (भिंतीला धरणारी पट्टी) जास्तीत जास्त मीटरभर अंतरावर हवी. प्लास्टिकच्या पाइपाला त्याहून जवळ. बेंड आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटरवर. चिऱ्याच्या भिंतीत नुसता स्क्रू भुगा होऊन सुटतो, प्लग लागतोच. पुराचाही विचार हवा: महाडला २०२१च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. असा पूर ओसरल्यावर पाइपातही पाणी साचलेलं असू शकतं. तपासणीआधी मेन स्विच चढवू नये.