निराधारच्या पगाराची वसुली निघाली तर

आरोग्याच्या पानावर तहसीलच्या नोटिशीबद्दल का लिहितो, असे कोणी विचारील. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान म्हणजे आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी दिव्यांगांचे औषधपाणी. 'तुम्ही अपात्र होता, घेतलेली रक्कम परत भरा' असा कागद आला की घरात सर्वांत आधी बंद होते ती गोळी. मग फिट येते, साखर वाढते, झोप उडते.

म्हणून आमचे पहिले सांगणे : औषध बंद करू नका. कर्ज काढून घाईने पैसे भरू नका. न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. मात्र नोटीस फेकूनही देऊ नका. तिच्यावरची मुदत पाहा आणि त्याआधी लेखी उत्तर द्या.

उत्तरात विचारा : कोणत्या महिन्यांची रक्कम, किती आणि कोणत्या कारणाने? दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. उत्पन्न जास्त दाखवले असेल, तर कोणत्या कागदावरून, हेही विचारा. हयातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला पोहोचला नसेल, तर त्याची प्रत जोडा. समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मागा. आपल्या प्रतीवर कार्यालयाचा पोहोच शिक्का घ्यायला विसरू नका.

वकिलाला द्यायला पैसे कुठले? संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ ने मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी ही मदत मिळते. जातीचा दाखला घरात सापडत नसेल तरी अडू नका. दिव्यांगत्वाच्या आधारावरही अर्ज करता येतो.

तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे साधा अर्ज, नोटीस, बँकेचे पासबुक आणि दाखले घेऊन जा. जाणे जमत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करा.

चूक खरोखर आपलीच निघाली, तरी लपवू नका. वकिलाला खरे सांगा. रक्कम माफ करण्याची किंवा छोटे हप्ते पाडून देण्याची विनंती करता येते.

शेजारी कोणाकडे असा कागद आला असेल, तर त्यांना तो वाचून दाखवा आणि मुदत संपण्याआधी सोबत न्यायालयापर्यंत जा. एकट्या माणसाला ती पायरी फार उंच वाटते.