भोपळा का धरत नाही?

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या लाल भोपळ्याला फुलं भरपूर आली, पण फळ एकही धरलं नाही. इवले भोपळे पिवळे पडून गळायचे. चूक माझीच. मावा पडला म्हणून मी ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी औषध फवारलं होतं. या वेलाची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. ती पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात पराग इकडून तिकडे नेते ती मधमाशी. तीच नाही, तर भोपळा कुठला?

अजिंठ्याच्या कड्यावरची आग्या माशी आपल्याला भीतीपोटी ठाऊक असते. झुडपात छोटंसं मोहोळ बांधणारी फुलोरी, वाळलं लाकूड पोखरणारा काळा भुंगा, मातीत बीळ करणाऱ्या एकट्या माश्या मात्र नजरेतून सुटतात. त्यांचं मागणं थोडं आहे. तुळशीच्या, सब्जाच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका. शेवगा लावा. उन्हाळ्यात पसरट ताटलीत पाणी ठेवा आणि त्यात खडे घाला, म्हणजे माशी बुडणार नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात अंगणाअंगणांत फरशी बसते आहे. हातभर माती तरी उघडी ठेवा.

यंदा मी फवारलं नाही. पहाटे वेलावर गुणगुण असते. एक भोपळा धरला आहे. घरात रोज त्याचीच विचारपूस चालते.