निवड कॉलेजची, हिशेब चार वर्षांचा

अभियांत्रिकी प्रवेशाचे दिवस आले की घराघरांत तोच प्रश्न फिरून फिरून येतो. पुण्यातलं नावाजलेलं खासगी कॉलेज घ्यायचं, की एसटीने जाऊन-येऊन करता येईल असं जिल्ह्याचं? कॉम्प्युटरसाठी लांब जायचं, की जवळ मिळतेय ती इलेक्ट्रॉनिक्स घ्यायची? क्लासचे सर एक सांगतात, मामा दुसरं सांगतो, सोसायटीतला इंजिनीअर तिसरंच. कटऑफ सगळ्यांना पाठ असतात. घरात किती पैसे आहेत आणि ते किती दिवस पुरतील, हे मात्र कुणी मोठ्याने बोलत नाही.

दोन कॉलेजांची तुलना प्रवेशाच्या दिवसावरून करू नये, तिसऱ्या वर्षावरून करावी, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. तिसऱ्या वर्षी नव्याची नवलाई संपलेली असते. साठवलेले पैसे तळाला गेलेले असतात, धाकट्या भावंडाची दहावी-बारावी दारात असते आणि अभ्यासक्रमातले अवघड विषय समोर असतात. त्या वर्षी जे कॉलेज पैशाने, मनाने आणि घराच्या घडीने पेलेल, ते आपल्यासाठी चांगलं.

निर्णय अलॉटमेंटनंतर होत नाही

‘यादी लागू दे, मग बघू’ असं म्हणून अनेक घरं हा विषय पुढे ढकलतात. तिथेच घोटाळा होतो. २०२५-२६च्या प्रवेशांपासून कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या आहेत आणि नियम कडक झाले आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप ‘फ्रीझ’ होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी एखादी मिळाली, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी, तरी तसंच. ती जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. म्हणजे खरी निवड ऑप्शन फॉर्म भरतानाच होऊन जाते. पुण्याचं कॉलेज ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून वर टाकलं आणि ते मिळालं, तर विचार करायला उसंत नसते. म्हणून घरातली बैठक फॉर्म भरण्याआधी व्हावी आणि त्या वर्षीची माहिती पुस्तिका बैठकीत समोर असावी.

फी वेगळी, खर्च वेगळा

खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. फीमध्ये ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी असे दोन भाग असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक सवलती ट्यूशन फीवर मिळतात. होस्टेल, मेस, बस, पुस्तकं, लॅपटॉप यांचा हिशेब याच्या बाहेरच राहतो.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या कॉलेजांचे आकडे त्या जागी घाला. खुल्या प्रवर्गातला मुलगा, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. पुण्याच्या कॉलेजची ट्यूशन फी १,४०,०००, डेव्हलपमेंट फी २०,०००. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटते, म्हणजे ९०,००० भरायचे राहतात. कॉट बेसिसवरची खोली आणि मेस मिळून महिन्याला १०,०००, दहा महिन्यांचे एक लाख. प्रवास, पुस्तकं, किरकोळ मिळून २०,०००. वर्षाचे झाले २,१०,०००, चार वर्षांचे ८,४०,०००.

आता जिल्ह्याचं कॉलेज. ट्यूशन फी ७०,०००, डेव्हलपमेंट फी १०,०००. सवलतीनंतर ४५,०००. मुलगा घरी राहणार, एसटीचा विद्यार्थी पास आणि दुपारचं खाणं १५,०००, पुस्तकं १०,०००. वर्षाला ७०,०००, चार वर्षांना २,८०,०००. फरक ५,६०,००० रुपयांचा.

याच घरातली मुलगी असती तर? जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींची, कॅपमधून प्रवेश घेतल्यास, संपूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ होते. या घराकडे ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र असेल, तर पुण्याचा खर्च चार वर्षांना ५,६०,०००वर येतो आणि जवळच्या कॉलेजचा १,४०,०००वर. ट्यूशन फी शून्य झाली तरी ४,२०,०००चा फरक उरतोच, कारण त्यातला मोठा भाग राहण्या-जेवण्याचा आहे.

‘मुलींना फी नाही’ एवढंच ऐकून ज्यांनी निर्णय घेतला, त्यांना हा फरक पहिल्या दिवाळीत कळतो. महाराष्ट्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृह हा तिच्या कामाचा कणा ठेवला. गरिबाच्या मुलाला शाळेच्या फीइतकीच राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय लागते, हे त्यांना ठाऊक होतं. आजच्या निवडीतही कॉलेजच्या नावाच्या शेजारी ‘होस्टेल मिळेल का’ हा रकाना हवाच.

कागद वेळेवर, तर पैसा वेळेवर

राहण्याच्या खर्चासाठी योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्यांना या योजनांतून शहरानुसार रक्कम मिळते. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपये आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. यांपैकी एखादी लागू होत असेल, तर लांबच्या कॉलेजचं गणित बरंच बदलतं.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफी योजना, हा आणखी एक मार्ग. मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलांसाठी असतात आणि त्यांना ट्यूशन फी पूर्ण माफ असते. तिथे प्रवर्ग पाहत नाहीत, फक्त गुणवत्ता आणि उत्पन्न. ऑप्शन फॉर्ममध्ये त्याचा चॉइस कोड वेगळा असतो. तो न भरल्यामुळे हक्काची जागा हातची जाते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता हे कागद मे महिन्यातच हाती असावेत. आणि शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवरून येणारे पैसे हप्त्यांनी येतात, अनेकदा उशिरा येतात. घरमालक आणि मेसवाला मात्र महिन्याच्या महिन्याला मागतात. म्हणून योजनेवर भिस्त ठेवली तरी पहिल्या सहा महिन्यांची सोय स्वतःकडे असावी.

कर्ज घ्यावं, पण हप्ता माहीत करून

शैक्षणिक कर्ज वाईट नाही. घरची जमीन किंवा दागिने मोडण्यापेक्षा ते नक्की बरं. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज सरकारी हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकतं. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण तिच्या लाभार्थ्यांची वार्षिक संख्या मर्यादित आहे आणि ती निवडक संस्थांनाच लागू आहे. दोनांपैकी एकच कॉलेज त्या यादीत असेल, तर तुलनेत तो मुद्दा धरावा.

व्याज शिकत असतानाच चढू लागतं, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. दरवर्षी सव्वा लाख असं चार वर्षांत पाच लाखांचं कर्ज घेतलं, दर दहा टक्के धरला आणि शिक्षणानंतरचं एक वर्ष सवलतीचं धरलं, तर परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच सुमारे पावणेदोन लाखांची भर पडते. पावणेसात लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण ८,९०० रुपये येतो. पहिल्या नोकरीच्या पगारातून, नव्या शहरातलं भाडं देऊन, घरी थोडे पाठवून हा हप्ता निघेल का, हे आधी कागदावर मांडावं. शिकतानाच व्याज भरत गेल्यास हे ओझं बरंच हलकं होतं.

कॉलेज पाहायचं कसं

पगाराची बातमी नेहमी सर्वांत मोठ्या पॅकेजची असते. ते एका विद्यार्थ्याचं असतं. आपल्याला हवा असतो मधल्या विद्यार्थ्याचा पगार. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती जाहीर करावी लागते. त्यात किती विद्यार्थी ठरलेल्या वर्षांत उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली आणि मध्यक वेतन किती, हे दिलेलं असतं. दोन्ही कॉलेजांचे हे तीन आकडे शेजारी ठेवले की जाहिरातींचा बराच धुरळा खाली बसतो. नॅकचा दर्जा संपूर्ण संस्थेचा असतो, एनबीएची मान्यता मात्र शाखेची असते. तुमच्या शाखेला ती आहे का, ते विचारा.

२०२४-२५ पासून एआयसीटीईने शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढल्यानंतर अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. जागा वाढल्या तसे शिक्षक आणि प्रयोगशाळा वाढल्या का, हे जाऊन पाहावं. मोठ्या नावांचा मोह समजण्यासारखा आहे. पुण्याचं सीओईपी १८५४चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं. त्यांचा दबदबा खरा आहे आणि अशा संस्थेत, परवडणाऱ्या फीत, आवडीची शाखा मिळत असेल तर फार विचार करू नये. पण बहुतेक घरांपुढची निवड या संस्था आणि इतर अशी नसतेच. ती असते दोन साधारण सारख्या कॉलेजांत, जिथे शहराचं नाव मोठं म्हणून फी मोठी.

प्रत्यक्ष भेट ओपन हाउसच्या दिवशी नको, साध्या कामाच्या दिवशी द्यावी. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावं : तास नियमित होतात का? पहिल्या वर्षी गणितात किती जणांना केटी लागली, म्हणजे विषय राहिला? अडलं तर सर भेटतात का? होस्टेलवर पाणी, वाचनालय, रात्रीची सुरक्षितता कशी आहे? मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं पहिल्या सत्रात काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. इंग्रजीतल्या पहिल्या काही महिन्यांत हुशार मुलंही गप्प होतात. त्यांना हात देणारे शिक्षक जिथे आहेत, ते कॉलेज कटऑफच्या यादीत दहा जागा खाली असलं तरी चालेल.

घराची बाजू

जवळचं कॉलेज नेहमीच स्वस्त आणि सोपं असतं असं मात्र नाही. रोजचे तीन तास एसटीत जात असतील, घरात अभ्यासाला कोपरा नसेल, पेरणी-काढणीला हक्काचा मजूर म्हणून मुलाकडे पाहिलं जात असेल, तर त्याची किंमत केटीमध्ये मोजावी लागते. उलट आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि आईला मदतीला कुणी नाही, हे कारण खरं असेल तर ते लपवू नये. जवळ राहण्याचा निर्णय तेवढ्यावरून घेणंही सन्मानाचंच आहे. तो कमीपणा मानून मुलाच्या माथी अपयशाचा शिक्का मारू नये.

एक अन्याय मात्र स्पष्ट बोलायला हवा. अनेक घरांत मुलासाठी ‘पुणे’ आणि मुलीसाठी ‘जवळचं बघू’ असं न बोलताच ठरलेलं असतं. गुण तिला जास्त असले तरी. तिची फी माफ झाली, तर वाचलेला तो पैसा तिच्याच होस्टेलकडे वळायला हवा. भावाच्या कॉलेजसाठी तो राखून ठेवणं तिच्या कष्टांशी प्रामाणिक नाही.

आणि आकडे मुलांना सांगा. सतरा-अठरा वर्षांचं मूल घरचा हिशेब समजू शकतं. न सांगितल्यास ते खर्चाचा अंदाज बांधतं. कधी अंदाज खूप कमी असतो आणि ते हट्ट करतं. कधी खूप जास्त असतो, आणि ते मेसमध्ये एकच वेळ जेवून पैसे वाचवू लागतं.

मग कोणतं?

शाखा एकच, मध्यक वेतन जवळपास सारखं आणि शिक्षकांबद्दल दोन्हीकडे बरं ऐकायला मिळत असेल, तर स्वस्त कॉलेज निःशंक घ्यावं. वाचलेल्या लाखांत चांगला लॅपटॉप येतो, सुट्टीतली इंटर्नशिप परवडते, गेटची तयारी होते आणि धाकटीच्या शिक्षणाला हातभार लावता येतो. लांबचं कॉलेज तेव्हा घ्यावं, जेव्हा तिथलं शिकवणं खरोखर वेगळं आहे, मुलाला मनापासून जायचं आहे आणि चार वर्षांचा पैसा घरातली जमीन किंवा दुसऱ्या मुलाचा वाटा न मोडता उभा राहतो. या तीन अटींपैकी एक जरी डळमळीत असेल, तर थांबून पुन्हा हिशेब करावा.

एकदा ठरलं की त्याच बैठकीत आई-वडिलांनी मुलाला आणखी एक गोष्ट सांगावी : हा खर्च आम्ही पाहून, मोजून कबूल केला आहे, तो तुझ्यावरचा उपकार नाही, आणि कुठे अडलं तर पहिल्यांदा आम्हाला सांग. ज्या घरात हे बोललं जातं, तिथलं मूल पहिल्या केटीनंतर फोन बंद करून बसत नाही. ते घरी कळवतं, पुढच्या सत्रात पेपर पुन्हा देतं आणि पदवी पूर्ण करतं. कॉलेजचं नाव काहीही असो, हा आधार मात्र घरालाच द्यावा लागतो, आणि तो फॉर्म भरण्याआधी द्यावा लागतो.